विक्रांत का वाचली नाही: एका विमानवाहू युद्धनौकेच्या जतनाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

आयएनएस विक्रांत ही भारताची पहिली विमानवाहू युद्धनौका 31 जानेवारी 1997 रोजी नौदलातून निवृत्त झाली. 2001 ते 2012 या काळात ती मुंबईच्या नौदल गोदीत तरंगतं संग्रहालय म्हणून उभी होती. जानेवारी 2014 मध्ये सुमारे 60 कोटी रुपयांना तिचा लिलाव झाला आणि 22 नोव्हेंबर 2014 रोजी मुंबईतल्या दारूखान्यात, जहाजं तोडण्याच्या जागी, तिची तोडणी सुरू झाली. तिला वाचवायला उघड विरोध कोणाचाच नव्हता. राज्य सरकार, नौदल, निवृत्त नौसैनिक, मुंबईकर, सगळ्यांनाच ती हवी होती. तरीही ती गेली, म्हणूनच हे प्रकरण बारकाईनं पाहण्याजोगं आहे.

आमचं मत आधीच मांडतो. विक्रांतचं भवितव्य 2014 च्या लिलावाच्या कितीतरी आधी, 1997 ते 2001 या चार वर्षांतच ठरलं. पाण्याखालच्या पत्र्याची जबाबदारी कोणाची, हे लेखी न ठरवता त्या काळात जहाज लोकांसाठी खुलं करण्यात आलं. तिथून पुढचं बरंचसं आपोआप घडत गेलं.

जहाजाचा इतिहास इथे फक्त जतनाशी संबंधित तेवढाच सांगतो. 14 ऑक्टोबर 1943 रोजी इंग्लंडमध्ये टाइन नदीकाठच्या विकर्स-आर्मस्ट्राँगच्या कारखान्यात ‘हर्क्युलिस’ या नावानं तिची बांधणी सुरू झाली आणि 22 सप्टेंबर 1945 रोजी ती पाण्यात उतरली. महायुद्ध संपल्यामुळे काम अर्धवट थांबलं. 1957 मध्ये भारतानं ती विकत घेतली, बेलफास्टच्या हार्लंड अँड वुल्फनं तिरकी उड्डाणपट्टी आणि वाफेच्या जोरावर विमान पुढे फेकणारा कॅटापल्ट बसवून ती पूर्ण केली आणि 4 मार्च 1961 रोजी ती भारतीय नौदलात दाखल झाली. लांबी सुमारे 213 मीटर, पूर्ण भारासह वजन 19,500 टन, पाण्याखालची खोली 7.3 मीटर.

विक्रांतच्या वर्गातली, म्हणजे त्याच आराखड्यावर बांधलेली, जहाजं युद्धाच्या घाईत, थोड्या वर्षांच्या वापरासाठी आखलेली होती. त्यामुळे त्यांच्या कवचाची, म्हणजे बाहेरच्या पत्र्याची, बांधणी लॉइड्स या जहाज-वर्गीकरण संस्थेच्या व्यापारी जहाजांच्या नियमांनुसार झाली. चिलखती पत्रा नाही, रचना साधी. अशा जहाजानं छत्तीस वर्षं सेवा दिली याचं श्रेय ते चालवणाऱ्या आणि दुरुस्त करणाऱ्या माणसांचं आहे. पण संग्रहालय होताना याच गोष्टीचा दुसरा अर्थ होता: जाड पत्र्याच्या युद्धनौकेकडे गंजासाठी जेवढी शिल्लक असते, तेवढी विक्रांतकडे मुळातच नव्हती.

ज्या माणसांसाठी ती जपायची होती

1971 च्या युद्धाचा उल्लेख आला की सी हॉक विमानं डोळ्यांपुढे येतात, आणि ते रास्तच आहे. 4 डिसेंबर 1971 रोजी विक्रांतवरून उडालेल्या सी हॉक विमानांनी कॉक्स बाजारवर पहिला हल्ला केला आणि त्यानंतर चितगाव गाठलं. पाणबुडीविरोधी अलिझे विमानंही तिच्यावर होती. कप्तान स्वराज प्रकाश आणि सी हॉक तुकडीचे प्रमुख लेफ्टनंट कमांडर संतोषकुमार गुप्ता यांना महावीर चक्र मिळालं. याशिवाय जहाजाच्या वाट्याला बारा वीर चक्रं आली.

पण हे जहाज त्या युद्धात उतरलंच कसं, याचं उत्तर उड्डाणपट्टीच्या बरंच खाली, बॉयलर रूममध्ये आहे. जून 1970 मध्ये बॉयलरच्या पाण्याच्या ड्रमांना आतून तडे गेल्याचं आढळलं. वेल्डिंगनं ते भरून काढण्यासारखे नव्हते आणि नवे ड्रम ब्रिटनहून येणार होते. जहाज जवळपास मोडीत निघाल्यात जमा होतं. मार्च 1971 मध्ये कमी दाबावर बॉयलर पुन्हा पेटवण्यात आले, कॅटापल्टच्या चाचण्या झाल्या आणि नेहमीच्या 25 नॉटऐवजी बराच कमी वेग गृहीत धरून विमानं उडवण्याचं गणित नव्यानं मांडलं गेलं. कमी वेग म्हणजे उड्डाणपट्टीवर समोरून मिळणारा वारा कमी, आणि वारा कमी म्हणजे विमान कमी वजनानं सोडावं लागतं. तडे गेलेल्या ड्रमशेजारी उभं राहून पाळी करणाऱ्या स्टोकर (बॉयलर पेटते ठेवणारे) आणि आर्टिफिसर (यंत्रं दुरुस्त करणारे) मंडळींनी हे जहाज बंगालच्या उपसागरात नेलं.

हे इथे मुद्दाम लिहितो आहोत. संग्रहालय-जहाजांत सगळ्यात आधी बंद होतात ते हेच खालचे भाग. शिड्या उभ्या, वाट अरुंद, बाहेर पडायचा दुसरा मार्ग नाही, पाइपांवर अॅस्बेस्टॉसचं आवरण. त्यामुळे प्रेक्षकाला उड्डाणपट्टी आणि तिच्याखालचं विमानं ठेवायचं हँगर दिसतं, आणि ज्यांच्या कामगिरीची फारशी छायाचित्रंही नसतात त्यांची जागा कुलपात राहते.

अडचण नेमकी कशात होती

लोखंडापासून सुरुवात करू, कारण पैसा आणि राजकारण यांचं वेळापत्रक गंजानंच ठरवलं.

समुद्राच्या पाण्यात साधं पोलाद, काहीच संरक्षण नसेल तर, सर्वसाधारण वर्षाला 0.1 ते 0.15 मिलिमीटर झिजतं. पाणरेषेच्या वरखालचा पट्टा, जिथे पत्रा आलटून पालटून भिजतो आणि सुकतो, तिथे हा वेग दुप्पट-तिप्पट होतो. मूळ जाडीच्या पाव भागाइतका पत्रा गेला की तो बदलायचा, असा जहाजदुरुस्तीतला ढोबळ नियम आहे. 12 मिलिमीटरचा पत्रा धरला तर 3 मिलिमीटर गेल्यावर तो बाद होतो. पाणरेषेवर त्याला दहा वर्षं पुरतात, आणि विक्रांतचं कवच तर 1945 पासून पाण्यात होतं.

बाहेरून दिसणाऱ्या गंजापेक्षा आतला जास्त घातक असतो. बिल्जमध्ये, म्हणजे जहाजाच्या अगदी तळच्या पोकळीत, साचलेलं पाणी, रिकाम्या इंधनटाक्यांच्या तळाचा चिखल, जहाज स्थिर राहावं म्हणून बसवलेल्या वजनाच्या (बॅलास्टच्या) मागच्या फटी, अशा ठिकाणी पत्रा आतून पोखरला जातो. बंदरातल्या गाळात सल्फेटवर जगणारे जिवाणू असतात. प्राणवायू नसला तरी ते लोखंड खातात, त्यामुळे गाळात रुतलेला तळ सुरक्षित असतो ही समजूत चुकीची आहे. पत्र्याला खोल, बारीक खड्डे पडतात. जाडीची सरासरी ठीक दिसते आणि एका खड्ड्यातून पाणी आत येतं. म्हणून अल्ट्रासोनिक यंत्रानं जाडी मोजताना मोठ्या चौकटीतल्या दोन-चार नोंदी पुरत नाहीत. संशयित पट्ट्यात हातभर अंतरावर नोंदी घ्याव्या लागतात.

संरक्षणाचे उपाय माहीत नव्हते असं नाही. विक्रांतच्या आकाराच्या जहाजाचा पाण्याखालचा पृष्ठभाग ढोबळ अंदाजानं 5,000 चौरस मीटर येतो. रंग चांगल्या स्थितीत असेल तर प्रत्येक चौरस मीटरला 20 मिलिअँपियर संरक्षक प्रवाह धरावा. म्हणजे एकूण 100 अँपियर, आणि वर्षाला साधारण 350 ते 400 किलो अॅल्युमिनियमचे अॅनोड, म्हणजे पत्र्याऐवजी स्वतः झिजून हा प्रवाह देणारे ठोकळे. रंग पूर्ण उतरला की हीच गरज पाचपट होते. म्हणजे रंगकाम लांबवून वाचवलेला पैसा अॅनोडवर जातो, आणि तेही वेळेत बदलले नाहीत तर थेट पत्र्यावर. पाणबुड्यानं दर काही महिन्यांनी पत्र्याचा विद्युतदाब मोजावा लागतो. सिल्व्हर क्लोराइडच्या संदर्भ इलेक्ट्रोडशी तुलना करता तो उणे 0.80 व्होल्ट किंवा त्याहून खाली हवा. वीज पुरवून प्रवाह देण्याची पद्धत स्वस्त पडते, पण किनाऱ्यावरचा वीजपुरवठा तुटला की संरक्षणही तुटतं. शिवाय चालू गोदीत शेजारच्या जहाजांवर वेल्डिंग चालतं. त्याची परतीची तार नीट जोडलेली नसेल तर भटका प्रवाह पाण्यातून संग्रहालय-जहाजात शिरतो आणि काही आठवड्यांत वर्षांचं नुकसान करतो.

मुंबईचा पाऊस हा वेगळा विषय. उड्डाणपट्टीचे निचरे पानांनी, कबुतरांच्या घाणीनं तुंबतात, पाणी लिफ्टच्या खड्ड्यातून हँगरमध्ये आणि तिथून खाली उतरतं. निवृत्त जहाजातून इंधन, दारूगोळा, सुटी यंत्रसामग्री काढलेली असते, त्यामुळे ते हलकं होऊन पाण्यावर उंच तरंगतं आणि वारा जास्त घेतं. अशा वेळी हँगरभर पसरलेलं वीतभर पाणीसुद्धा एका बाजूनं दुसऱ्या बाजूला धावून जहाज कलंडवू शकतं.

आता पैसा आणि मालकी. विक्रांत नौदल गोदीत होती, म्हणजे जागा नौदलाची आणि सुरक्षाही नौदलाची. सामान्य नागरिकाला तिकीट काढून कधीही आत जाता येईल अशी ती जागाच नव्हे. नौदल सप्ताहाच्या आसपास मर्यादित दिवस ती खुली व्हायची. जे संग्रहालय वर्षातले मोजके दिवस उघडं असतं, ते तिकिटांवर रंगकामाचा खर्चही काढू शकत नाही. दुसरीकडे, गजबजलेल्या गोदीतला धक्का अडलेला, ही नौदलाची अडचणही खरी होती.

कायद्याचीही मदत नव्हती. 1958 चा प्राचीन स्मारकांचा कायदा आणि 1972 चा पुरावस्तूंचा कायदा हे दोन्ही शंभर वर्षांची अट धरून चालतात. 1945 साली पाण्यात उतरलेलं जहाज त्यात बसत नाही. ‘वारसा’ हा शब्द प्रत्येक भाषणात होता, पण तोडणी थांबवण्याची ताकद देणारा दर्जा विक्रांतला कधी मिळालाच नाही.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय, गोदीतच तरंगत ठेवणं. सुरुवातीला सर्वांत स्वस्त, पुढे सर्वांत महाग. ठरावीक वर्षांनी तळाच्या दुरुस्तीसाठी सुक्या (पाणी उपसलेल्या) गोदीत घेणं भाग. पाण्याखालची प्रत्येक वापरातून गेलेली तोंडं, म्हणजे समुद्राचं पाणी आत घेण्या-सोडण्याच्या जागा, बाहेरून पत्रा वेल्ड करून कायमची बंद करावी लागतात. ते केलं नाही तर प्रत्येक जुन्या झडपेचा गॅस्केट हा बुडण्याचा एक संभाव्य मार्ग असतो. चोवीस तास पहारा, बिल्जचा इशारा देणारी यंत्रणा, पंप आणि जनरेटर लागतात. आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट: प्रदर्शनासाठी ओढलेल्या वायरी आणि हवेचे पाइप जलरोधक दारांतून नेले की ती दारं बंद होत नाहीत. वायरींसाठी भिंतीत वेगळी, सीलबंद वाट काढावीच लागते.

दुसरा पर्याय, कुलाब्याजवळच्या ऑयस्टर रॉकपाशी जहाज कायमचं टेकवणं. राज्य सरकारच्या विचारात ही जागा बराच काळ होती आणि कागदावर ती आकर्षक दिसते. मात्र मुंबईत उधाणाच्या भरती-ओहोटीत पाण्याची पातळी पाच मीटरच्या आसपास वरखाली होते. टेकवलेलं जहाज भरतीला थोडंसं जरी उचललं गेलं तर ओहोटीला तळ आपटतो. त्यामुळे आत इतका भार भरावा लागतो की मोठ्या उधाणातही ते हलता कामा नये, आणि खाली तळाच्या आकाराचा समतल पाया हवा. नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यासाठी लाटारोधक भिंत हवी. प्रेक्षक बोटीनं येणार, म्हणजे पावसाळ्यात संग्रहालय बंद. आठ महिन्यांच्या उत्पन्नावर बारा महिन्यांचा खर्च, हे गणित कोणत्याही उद्योजकानं पहिल्याच बैठकीत मांडलं असतं.

तिसरा, जमिनीत बसवणं. जपानची ‘मिकासा’ ही युद्धनौका योकोसुकाला 1920 च्या दशकापासून अशीच आहे. आपल्याकडे विशाखापट्टणमची ‘कुरसुरा’ पाणबुडी 2001 मध्ये निवृत्त झाली आणि 2002 मध्ये रामकृष्ण बीचवर काँक्रीटच्या पायावर लोकांसाठी खुलीही झाली. पण ती 91 मीटर लांब. विक्रांत तिच्या दुपटीपेक्षा लांब आणि वजनात कैक पट. मुंबईत तिच्यासाठी किनाऱ्यालगतची जागा म्हणजे बंदराच्या जमिनीचा प्रश्न, आणि तो एका जहाजासाठी सुटला असता असं आम्हाला वाटत नाही. तरी हा पर्याय 1997 मध्ये, जहाज स्वतःच्या तळावर धड उभं होतं तेव्हा, गंभीरपणे मोजून पाहायला हवा होता.

चौथ्या पर्यायाची चर्चा फार कमी झाली: पूर्ण जहाज वाचणार नसेल तर कोणते भाग वाचवायचे, हे आधी ठरवणं. अमेरिकेच्या ‘कॅबट’ या महायुद्धकालीन हलक्या विमानवाहू नौकेचं उदाहरण डोळ्यांसमोर होतं. स्पेनच्या नौदलातल्या सेवेनंतर 1989 मध्ये ती संग्रहालयासाठी अमेरिकेला परत आली, ज्या संस्थेकडे दिली तिला कर्ज फेडता आलं नाही आणि अखेर जहाज भंगारात गेलं. विक्रांतच्या दहाहून अधिक वर्षं आधीची हुबेहूब तीच वाट.

प्रत्यक्षात काय घडलं

निवृत्तीनंतर राज्य सरकारनं रस दाखवला, पण कायमस्वरूपी संग्रहालय चालवणारा औद्योगिक भागीदार मिळेना. मग 2001 मध्ये नौदलानंच जहाज खुलं केलं. आमच्या मते हे या प्रकरणातलं सर्वांत मोठं वळण आहे. हेतू चांगला होता आणि येणाऱ्या शाळकरी मुलांना जे पाहायला मिळालं त्याचं मोल कमी नाही. पण जहाज खुलं झाल्याबरोबर ‘काहीतरी झालं आहे’ अशी सर्वांची समजूत झाली आणि निर्णयाची निकड संपली. तात्पुरती सोय अकरा वर्षं चालली.

2012 मध्ये जहाज प्रेक्षकांसाठी असुरक्षित ठरवून बंद झालं. ऑगस्ट 2013 मध्ये पश्चिम नौदल विभागाच्या प्रमुखांनी ते भंगारात काढलं जाईल असं जाहीर केलं. देखभाल अवघड झाली होती आणि खर्च उचलणारं कोणी पुढे आलं नव्हतं. डिसेंबर 2013 मध्ये लिलावाचा निर्णय झाला. उच्च न्यायालयात जनहित याचिका गेली. जहाजाची अवस्था, निधीचा आणि सरकारी पाठबळाचा अभाव पाहून ती फेटाळली गेली. सर्वोच्च न्यायालयानं 14 ऑगस्ट 2014 रोजी आणखी एक याचिका फेटाळली. तोवर जहाज दारूखान्याच्या किनाऱ्याला लागलेलं होतं.

याचिका करणाऱ्यांची तळमळ खरी होती, पण न्यायालय पत्रा जाड करून देऊ शकत नाही. दुरुस्तीचा मोजलेला आराखडा, नाव असलेला मालक आणि बँकेत पैसा, या तीन गोष्टी हातात असत्या तर न्यायालयापुढे प्रश्नच वेगळा आला असता. त्या गोळा करण्याची वेळ 2014 मध्ये उरलेली नव्हती.

परिणाम

ब्रिटिशांच्या 1942 च्या आराखड्यातल्या हलक्या विमानवाहू नौकांपैकी एकही आज उभी नाही. ब्राझीलकडची ‘मिनास जेराइस’ 2004 मध्ये गुजरातमधल्या अलंगच्या जहाजतोडणी केंद्रात तोडली गेली होती. विक्रांतबरोबर तो सगळा वर्गच संपला.

मागे जे उरलं ते विखुरलेलं आहे. जहाजाच्या धातूपासून बनवलेलं विक्रांत स्मारक 25 जानेवारी 2016 रोजी मुंबईत नौदल गोदीजवळ उभं राहिलं. भंगारातला काही धातू पुण्याच्या बजाज ऑटोनं ‘व्ही’ या मोटारसायकलीसाठी वापरला. 1961 ची मूळ घंटा 2023 मध्ये कोचीत बांधलेल्या नव्या विक्रांतवर गेली, आणि ही घंटेची सर्वांत योग्य जागा आहे असं आम्हाला मनापासून वाटतं. नव्या नौकेचा क्रमांक तोच आर 11, ब्रीदही तेच, ऋग्वेदातलं ‘जयेम सं युधि स्पृधः’. जुन्या विक्रांतवरून उडालेल्या जातीची विमानं, सी हॉक आणि अलिझे, गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल हवाई संग्रहालयात पाहता येतात. विक्रांतच्या वैमानिकांचा किनाऱ्यावरचा तळही तिथलाच, आयएनएस हंसा.

बॉयलर रूमचं मात्र लोकांना पाहता येईल असं काही उरलं नाही.

तीच वाट पुन्हा: विराट

यातून शिकून पुढच्या जहाजाला न्याय मिळाला असता तर या प्रकरणाची नोंद वेगळी झाली असती. ‘विराट’ ही नौदलाची दुसरी विमानवाहू नौका 6 मार्च 2017 रोजी निवृत्त झाली. 1 नोव्हेंबर 2018 रोजी राज्य मंत्रिमंडळानं सिंधुदुर्गातल्या निवतीजवळ समुद्रात ती काँक्रीटच्या पायावर बसवण्याच्या 852 कोटी रुपयांच्या, खासगी भागीदारीच्या प्रकल्पाला मान्यता दिली. त्यात संग्रहालयाबरोबर हॉटेल आणि जलक्रीडाही होती. 2019 मध्ये केंद्रानं संसदेत सांगितलं की स्वतःच्या पायावर उभा राहील असा, आर्थिकदृष्ट्या पूर्ण प्रस्ताव एकाही राज्याकडून आला नाही. 2020 मध्ये 38.54 कोटींना लिलाव, सप्टेंबरमध्ये अलंग. त्यानंतर एका कंपनीनं जहाज गोव्यात नेऊन संग्रहालय करण्याची तयारी दाखवली. फेब्रुवारी 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं तोडणीला स्थगिती दिली आणि एप्रिलमध्ये ती उठवली, कारण बराचसा भाग तोपर्यंत कापून झाला होता.

विक्रांतच्या वेळी जागा होती पण पैसा नव्हता असं म्हणता येतं. विराटच्या वेळी आकडा ठरला होता, पण तो भरणारा नव्हता. दोन्ही वेळा मान्यता आधी आली आणि जबाबदार संस्था कधीच आली नाही.

काय वेगळं करता आलं असतं

अमेरिकेत नौदलाचं जहाज संग्रहालयासाठी देताना मागणाऱ्या संस्थेकडून आराखडे घेतले जातात: जहाज कुठे आणि कसं बांधून ठेवणार, पैसा कुठून येणार, प्रदूषणाचं काय करणार आणि संग्रहालय कसं चालवणार. सरकार खर्च देत नाही आणि देखभालीवर नौदलाची पाहणी राहते. सॅन दिएगोच्या ‘मिडवे’ या विमानवाहू नौकेसाठी स्थानिक मंडळी 1992 पासून कामाला लागली होती, जहाज 2004 मध्ये खुलं झालं. आज वर्षाला दहा लाखांहून अधिक लोक ते पाहतात, आणि ते शहराच्या भर मध्यात, पायी पोचता येईल अशा धक्क्यावर आहे. ‘इंट्रेपिड’ या दुसऱ्या संग्रहालय-विमानवाहू नौकेचा अनुभवही बोलका आहे: नोव्हेंबर 2006 मध्ये न्यूयॉर्कच्या धक्क्यावरून दुरुस्तीसाठी हलवताना ती गाळातून सुटेना. गाळ उपसून महिनाभरानं ती निघाली. श्रीमंत संस्थेलाही तळाकडे दुर्लक्ष करता येत नाही.

आपल्याकडे 1997 मध्ये क्रम असा हवा होता. निवृत्तीच्या दोन-तीन वर्षं आधी, जहाज अजून नौदलाच्या दुरुस्ती-वेळापत्रकात असताना, शेवटची गोदीभेट जतनासाठीच करायची: पूर्ण जाडीमापन, पाण्याखालची तोंडं बंद, टाक्या धुऊन कोरड्या, अॅस्बेस्टॉस सीलबंद, नवा रंग, नवे अॅनोड. हे काम चालू सेवेत असलेल्या जहाजावर होतं त्याच्या कितीतरी पट महाग ते बंद जहाजावर होतं. त्यानंतर मालकी एका संस्थेकडे, एकाच, लेखी. त्या संस्थेच्या खात्यात पहिल्या दहा वर्षांचा देखभालनिधी आणि त्यात पुढच्या गोदीभेटीची रक्कम वेगळी राखून ठेवलेली. आणि एक तारीख: इतक्या काळात या अटी पूर्ण झाल्या नाहीत तर पूर्ण जहाजाचा हट्ट सोडायचा आणि भाग वाचवण्याच्या कामाला लागायचं.

ही शेवटची अट कठोर वाटते. आम्हाला ती सर्वांत जिव्हाळ्याची वाटते, कारण पूर्ण जहाजाची आशा जिवंत असेपर्यंत कोणी भागांची यादी करत नाही, आणि ती आशा संपते तेव्हा गॅस कटर चालू झालेले असतात.

यादी लिलावाच्या अटींतच हवी, म्हणजे तोडणाऱ्याला त्या वस्तू सोडवून देणं बंधनकारक राहतं. त्यात काय असावं? नावाचे फलक, सुकाणूचक्र, इंजिनरूमला हुकूम देणारा टेलिग्राफ, एका बॉयलरचा पुढचा भाग दाबमापकांसह, रंग आणि खुणांसकट उड्डाणपट्टीचा एक तुकडा, एका मेसमधली टेबलं आणि झोपण्याच्या जागा, आणि प्रत्येक कप्प्याच्या दारावरची क्रमांकाची पट्टी. पितळेच्या वस्तू आधी चोरीला जातात, म्हणून त्या ओढून नेण्यापूर्वीच काढायच्या. जहाज धक्क्यावर असतानाच लेझर स्कॅन करून घ्यायचा. त्या तंत्राला 2014 मध्ये काही अडचण नव्हती.

कोणता काळ दाखवायचा हेही आधी ठरवावं लागतं. 1980 च्या दशकाच्या अखेरीस विक्रांतवर सी हॅरियर विमानांसाठी स्की-जंप, म्हणजे उड्डाणपट्टीच्या टोकाचा चढ, बसली. त्यामुळे 2001 मध्ये लोकांनी पाहिलेलं जहाज 1971 चं नव्हतं. अशा वेळी जहाज मागे नेण्याचा खर्च करू नये. दोन्ही काळांची माणसं एकाच जहाजाची आहेत, आणि 1997 पर्यंतच्या प्रत्येक तुकडीला त्यात आपली जागा दिसली पाहिजे.

अजून करता येण्यासारखं काम

2025 मध्ये ‘गुलदार’ हे निवृत्त, बरंच लहान नौदल जहाज राज्याच्या पर्यटन महामंडळाकडे आलं. निवतीजवळ पाण्याखालच्या संग्रहालयासाठी ते वापरायचं आहे. राज्याला झेपेल असा हा आकार आहे आणि त्यातून अनुभवी माणसं तयार होतील. पण विक्रांतच्या माणसांचं काम कोणत्याही जहाजाची वाट पाहत थांबवण्याचं कारण नाही.

1971 मध्ये विशीत असलेला नौसैनिक आज पंचाहत्तरीच्या आसपास किंवा त्यापुढे आहे. त्यांतले बरेच महाराष्ट्र, गोवा, केरळ, पंजाब, हरियाणा इथे गावी परतले. निवृत्त नौसैनिकांच्या जिल्हा संघटना आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयं यांच्यामार्फत त्यांच्यापर्यंत पोचता येतं. आधी यंत्रविभागातले लोक घ्यावेत, मग उड्डाणपट्टीवरचे, मग स्वयंपाकघर, दवाखाना, बिनतारी, आणि बॉयलर दुरुस्त करणारे गोदीतले नागरी कामगार. वैमानिकांच्या आठवणी इतरत्रही नोंदल्या गेल्या आहेत. मुलाखत दीड तासापेक्षा लांबवू नये, दुसरी बैठक ठेवावी. जहाजाच्या मजल्यांचा नकाशा समोर पसरून त्यांना बोटानं वाट दाखवायला सांगावं: मेसमधून पाळीवर जायचा रस्ता कोणता, कुठे डोकं वाकवायचं, कुठे उष्णता जाणवायला लागायची. ‘युद्धाबद्दल सांगा’ म्हटलं की माणूस भाषण करतो. ‘मार्च 71 मध्ये बॉयलर पेटवला तेव्हा तुम्ही कुठल्या मापकाकडे पाहत होतात’ असं विचारलं की तो काम सांगायला लागतो. प्रत्येक उत्तराशेजारी कप्प्याचा क्रमांक लिहावा, म्हणजे वेगवेगळ्या माणसांच्या आठवणी एकाच नकाशावर बसवता येतात. नावं, हुद्दे, सेवेची वर्षं सेवापुस्तकावरून पडताळून घ्यावीत आणि घरातल्या छायाचित्रांची प्रत तिथल्या तिथे स्कॅन करून मूळ छायाचित्र कुटुंबाकडेच ठेवावं.